ताऱ्यांच्या गर्दीत दडलेलं कृष्णविवर: क्ष-किरणांतून खात्रीनं कसं ओळखायचं?

अर्गमोजणी (धागाकर्ता)

एनजीसी ४९४५ ही दीर्घिका दृश्य प्रकाशात पाहिली, तर निव्वळ तारानिर्मितीचा कारखाना वाटते. धूळ, अरुंद उत्सर्जन रेषा, केंद्रातून बाहेर उसळणारा वायू, सगळं काही आहे. कृष्णविवर पदार्थ गिळत असल्याची ठळक खूण मात्र कुठेच नाही. आणि हीच दीर्घिका २० केईव्हीच्या (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) वर आकाशातल्या सर्वांत तेजस्वी सक्रिय केंद्रांपैकी (एजीएन, म्हणजे पदार्थ गिळणारं महाकाय कृष्णविवर असलेलं केंद्र) एक आहे. हे कळलं जपानच्या गिंगा उपग्रहाच्या नोंदींतून, १९९३ मध्ये. अंतर सुमारे ३.७ मेगापार्सेक (१.२ कोटी प्रकाशवर्षं), म्हणजे शेजारच्या आळीतच. (अवांतर: नरतुरंगात आहे, पुण्याहून दक्षिण क्षितिजावर जास्तीत जास्त २२ अंश वर येते.)

शेजारची इतकी लपते, तर लांबच्या किती निसटत असतील? म्हणून हा धागा. अभिलेखागारातला चंद्रा, एक्सएमएम-न्यूटन आणि नूस्टार या क्ष-किरण दुर्बिणींचा डेटा घेऊन 'या तारानिर्मितीवाल्या दीर्घिकेत एजीएन आहे का' हे ठरवताना नेमकं काय करायचं आणि कुठे पाय घसरतो, तेवढंच इथे लिहूया. तेजस्विता सगळीकडे अर्ग प्रति सेकंदात, स्तंभघनता (दृष्टिरेषेतले हायड्रोजन अणू) प्रति चौरस सेंटिमीटर.

सुरुवात ताऱ्यांच्या वाट्यापासून. तारे जन्मतात तिथे क्ष-किरण जोडताऱ्यांतून (साथीदाराचा वायू ओढणारं कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा) येतातच. २०१० मध्ये लेमर आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र अजून सोयीचं आहे: २ ते १० केईव्हीतली तेजस्विता = ९.०५ × १०^२८ × ताऱ्यांचं वस्तुमान + १.६२ × १०^३९ × तारानिर्मितीचा दर. वस्तुमान सूर्यवस्तुमानांत, दर सूर्यवस्तुमान प्रतिवर्ष. पहिलं पद हलक्या साथीदारांच्या म्हाताऱ्या जोड्यांचं, दुसरं जड साथीदारांच्या तरुण जोड्यांचं.

उदाहरण: वस्तुमान ५ × १०^१०, दर १०. पहिलं पद ४.५ × १०^३९, दुसरं १.६ × १०^४०, बेरीज साधारण २.१ × १०^४०. दीर्घिकेगणिक विखुरणी सहज दोन-अडीच पट असते. म्हणून निदान चार-पाच पट, म्हणजे १०^४१ च्या आसपास दिसल्याशिवाय 'जास्तीचं काहीतरी आहे' असं म्हणू नये.

आता हाच हिशेब ४९४५ ला लावा. केंद्रातली तारानिर्मिती वर्षाला सुमारे ४ सूर्यवस्तुमान. ताऱ्यांकडून साधारण १०^४० च्या जरा खाली अपेक्षा. आणि २ ते १० केईव्हीत प्रत्यक्ष दिसतं ते काही गुणिले १०^३९. म्हणजे या चाचणीत ही दीर्घिका स्वच्छ सुटते! एजीएन आत बसलंय, आणि चाचणी म्हणते घरात कुणी नाही.


रुमाल_टाकला

जागा धरून ठेवतो. सावकाश वाचतो.


धूळभेट

हिशेब बरोबर आहे, पण सूत्राच्या अटी लिहिल्याशिवाय ते लोकांच्या हाती देऊ नका.

एक, दर कशावरून काढला ते बघा. हायड्रोजन-अल्फा रेषेवरून काढलेला दर गेल्या काही दशलक्ष वर्षांचा, दूर-अवरक्तावरून काढलेला जास्त लांबच्या काळाची सरासरी. जड जोडतारे क्ष-किरणांत सर्वाधिक चमकतात ते तारे जन्मल्यावर काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांनी. नुकताच भडका उडालेल्या दीर्घिकेत दर भरपूर आणि जोडतारे अजून तयारच नाहीत, असं होतं.

दोन, ताऱ्यांच्या वस्तुमान-वाटपाचं गृहीतक. सूत्र क्रूपा पद्धतीच्या वाटपावर बेतलंय. तुमचा दर सालपीटरच्या वाटपानं काढलेला असेल, तर तो साधारण दीडपट फुगलेला असतो. तो न बदलता सूत्रात घातला, की ताऱ्यांचा वाटा फुगतो आणि खरं एजीएन त्यात बुडून जातं.

तीन, धातुता (हायड्रोजन-हेलियमहून जड मूलद्रव्यांचं प्रमाण). धातू कमी असलेल्या बुटक्या दीर्घिकांत त्याच दराला क्ष-किरण कितीतरी जास्त निघतात, टोकाच्या उदाहरणांत दसपटीच्या आसपास. बुटक्या दीर्घिकेत 'जादा क्ष-किरण' सापडले म्हणून मध्यम वजनाचं कृष्णविवर जाहीर करणं हे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं.

चार, आणि हे सगळ्यात चिवट: एजीएन असेल तर तेच धूळ तापवतं, आणि ती उष्णता अवरक्त दरात मोजली जाते. म्हणजे ज्याला शोधायचं त्यालाच ताऱ्यांच्या खात्यात जमा केलं! सिगाल किंवा तत्सम प्रणालीत ऊर्जावितरण जुळवताना एजीएनचा घटक चालू ठेवून आणि बंद ठेवून, दोन्ही प्रकारे दर काढा. दोन्हींत मोठा फरक पडत असेल, तर तो आकडा क्ष-किरणांच्या वजाबाकीसाठी वापरू नका.


झेड_बरोबर_दोन

लांबच्या दीर्घिकांसाठी पाचवी अट जोडतो. २०१६ च्या लेमर सूत्रात दोन्ही गुणक ताम्रसृतीबरोबर (झेड: प्रकाश वाटेत किती ताणला गेला, म्हणजे दीर्घिका किती लांब) वाढतात: जुन्या जोड्यांचा १०^२९.३७ × (१+झेड)^२.०३, तरुण जोड्यांचा १०^३९.२८ × (१+झेड)^१.३१. झेड = २ ला तरुण गुणक ८ × १०^३९ होतो. दर १०० (त्या काळात हे काही विशेष नव्हे), वस्तुमान ५ × १०^१० घेतलं तर ताऱ्यांकडूनच ८ × १०^४१ अधिक १.१ × १०^४१, म्हणजे जवळजवळ १०^४२.

जुन्या सर्वेक्षणांत '१०^४२ च्या वर ते एजीएन' असा सरसकट दंडक असायचा. जवळच्या विश्वात तो सुरक्षित आहे. झेड = २ ला, भरपूर तारे बनवणाऱ्या दीर्घिकांत तो मोडतो.


नवखी_निरीक्षक

मुळात अडचण धुळीची आहे ना? मग क्ष-किरण तरी त्यातून कसे सुटतात? आणि २-१० मध्ये दिसत नाही, २० च्या वर दिसतं, असं का?


अर्गमोजणी

क्ष-किरण गिळतात ते मुख्यतः जड मूलद्रव्यांचे अणू: ऑक्सिजन, सिलिकॉन, लोह. मग ते वायूत असोत की धुळीत. हे गिळणं ऊर्जा वाढेल तसं झपाट्यानं घटतं, ढोबळपणे ऊर्जेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणून प्रत्येक स्तंभघनतेला एक 'उंबरठा' असतो. १०^२२ ला सुमारे दीड केईव्ही, १०^२३ ला साडेतीन, १०^२४ ला नऊ-दहा. उंबरठ्याखालचं गिळलं जातं, वरचं निसटतं.

१.५ × १०^२४ च्या पुढे दुसराच अडथळा येतो. इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरणं. हे ऊर्जेबरोबर फारसं घटत नाही, म्हणून अशा दीर्घिकांना 'कॉम्प्टन-जाड' म्हणतात. ४९४५ मध्ये स्तंभघनता सुमारे ३.५ × १०^२४ आहे. थॉमसन काटछेद ६.६५ × १०^-२५ नं गुणा, प्रकाशीय जाडी २.३ येते. म्हणजे १० केईव्हीच्या वर सुमारे दहावा हिस्सा थेट पोचतो. दहावा हिस्सा म्हणजे कमी नाही. १०^२५ असेल तर जाडी ६.६, आणि मग कठोर (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरणही जवळपास संपले. एआरपी २२० या दीर्घिकेत एजीएनचा छडा इतका अवघड का जातो, ते यावरून कळेल.


पिक्सेल_पाव_सेकंद

चंद्राच्या डेटाची बाजू मी लिहितो. आज्ञांची नावं देवनागरीत आहेत, टंकताना रोमन करून घ्या.

आधी चंद्रा_रीप्रो. अभिलेखागारातली जुनी पातळी-२ ची फाइल थेट वापरू नका, अंशांकन बदललेलं असतं. मग पार्श्वभूमीच्या प्रकाशवक्रावर डीफ्लेअर (भपकाऱ्यांचा वेळ कापणं).

त्यानंतर स्थाननिश्चिती. चंद्राचा निर्देशांक सेकंदभरानं (इथून पुढे आकाशातल्या अंतराचे सेकंद-मिनिट कोनाचे: मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, सेकंद मिनिटाचा) चुकू शकतो, आणि ३.७ मेगापार्सेकवर एक सेकंद म्हणजे १८ पार्सेक. तेवढ्यात केंद्रातला जोडतारा आणि कृष्णविवर यांची अदलाबदल होते. क्षेत्रातले पाच-सहा बिंदुस्रोत गाया उपग्रहाच्या यादीतल्या ताऱ्यांशी किंवा पार्श्वभूमीतल्या क्वेसारांशी जुळवून डब्ल्यूसीएस_मॅच, डब्ल्यूसीएस_अपडेट. केंद्राची जागा रेडिओवरून घ्या. ४९४५ मध्ये पाण्याच्या मेसरांनी (पाण्याच्या वाफेतून येणारे तीव्र रेडिओ स्रोत) ती अचूक मिळते, आणि कृष्णविवराचं वस्तुमानही (सुमारे १४ लाख सूर्य). दृश्य प्रकाशातला सर्वांत तेजस्वी ठिपका म्हणजे केंद्र, असं धुळकट दीर्घिकेत कधीच धरू नका.

मग तीन चित्रं: ०.५ ते २, २ ते ४, आणि ४ ते ८ केईव्ही. तारानिर्मितीचा तप्त वायू पहिल्या चित्रात पसरलेला दिसतो (तापमान साधारण ०.२ ते ०.७ केईव्ही) आणि तिसऱ्यात विरून जातो. तिसऱ्यात केंद्रावर बिंदू उरला, तर पुढचं काम सुरू. ६ ते ७ चं वेगळं चित्र काढायलाही दोन मिनिटं लागतात, काढाच.

वर्णपट काढताना केंद्रावर दीड-दोन सेकंद त्रिज्येचं वर्तुळ. पार्श्वभूमी मोकळ्या आकाशातून नको, त्याच दीर्घिकेतल्या भोवतालच्या कड्यातून घ्या. नाहीतर तप्त वायू एजीएनच्या पदरात पडतो. वर्तुळ इतकं लहान असलं की स्पेकएक्स्ट्रॅक्टमध्ये पीएसएफ-दुरुस्ती (बिंदूचा उजेड दुर्बिणीत पसरून जो ठसा उमटतो, त्याची) चालू करायला विसरू नका, कारण कठोर किरणांचा ठसा मऊ किरणांपेक्षा रुंद असतो. ती बंद राहिली, तर वरच्या ऊर्जेचा प्रवाह कमी भरतो आणि वर्णपट खोटाच मऊ दिसतो.

आता सगळ्यात जास्त लोक फसतात ती जागा. एसीआयएस या चंद्राच्या कॅमेऱ्याच्या प्रकाशरोधक गाळणीवर वर्षानुवर्षं मळाचा थर साचतोय. त्यामुळे १ केईव्हीच्या खालची संवेदनशीलता १९९९ च्या तुलनेत आता पार ढासळली आहे. एकच स्रोत, काहीही न बदलता, २००० मध्ये मऊ आणि २०२० मध्ये कठोर दिसेल. निरनिराळ्या वर्षांचे फोटॉन नुसते बेरजेला घालून कठोरता-गुणोत्तर (वरच्या आणि खालच्या ऊर्जेच्या फोटॉनांचं प्रमाण) काढलं आणि त्यावरून 'झाकोळ वाढला' म्हटलं, तर तो झाकोळ दुर्बिणीवरचा! प्रत्येक निरीक्षणाची स्वतःची प्रतिसाद-फाइल (उपकरणाची त्या वेळची, त्या जागची संवेदनशीलता सांगणारी) घ्या आणि वर्णपट एकत्र जुळवा.


धूळभेट

+१. एक्सएमएमवाल्यांसाठी थोडक्यात: प्रोटॉनांचे लोट कापायला पीएन कॅमेऱ्यात १० ते १२ केईव्ही, एकल घटना, सेकंदाला ०.४ ची मर्यादा. एमओएस कॅमेऱ्यांत १० च्या वर, ०.३५. नमुना (एका घटनेचा ठसा संवेदकाच्या किती खान्यांत कसा पडला त्याचा क्रमांक) पीएनला ४ पर्यंत, एमओएसला १२ पर्यंत. हे पुस्तकी आकडे सुरुवातीला ठीक, पण प्रकाशवक्र डोळ्यांनी बघून मगच ठरवा.

पीएनमध्ये ८ केईव्हीजवळ तांब्याची रेष असते, मागच्या इलेक्ट्रॉनिक फलकामुळे. तिला मध्यभागी भोक आहे, म्हणजे संवेदकाच्या मधोमध ती फार क्षीण असते. स्रोत मधोमध आणि पार्श्वभूमी कडेची घेतली, की ८ वर जादा वजाबाकी होऊन खड्डा पडतो, आणि कुणीतरी त्या खड्ड्यात लोहाची शोषण-कडा बघतं.


कठोर_किरण

नूस्टारशिवाय हा धागा अपुरा. ३ ते ७९ केईव्ही, जून २०१२ पासून.

नूपाइपलाइन चालवताना दक्षिण अटलांटिक विसंगतीच्या पट्ट्यासाठी (तिथे कणांचा मारा वाढतो) कोणती सेटिंग्ज घ्यायची, ते प्रकाशवक्र बघून ठरवा. भपकारे नसतील तर कडक छाननी करून वेळ वाया घालवू नका, असतील तर 'टेंटकल'सकट चालू करा. स्रोताचं वर्तुळ क्षीण वस्तूंना ३० सेकंद त्रिज्येचं, त्यात जेमतेम निम्मे फोटॉन येतात. मोठं घेतलं तर पार्श्वभूमी जास्त वेगानं वाढते. पार्श्वभूमी त्याच संवेदक-तुकड्यावरून घ्या. नूस्टारच्या ए आणि बी या दोन संवेदक-पेट्यांपैकी प्रत्येकीत असे चार तुकडे आहेत, प्रत्येकाची अंतर्गत पार्श्वभूमी निराळी, शिवाय छिद्रातून थेट शिरणारा आकाशाचा उजेड तिरका पसरलेला. २२ ते ३२ केईव्हीदरम्यान उपकरणाच्याच रेषा आहेत. क्षीण स्रोतांत २५ च्या वर पार्श्वभूमीचंच राज्य असतं, तिथे प्रतिमान-आधारित पार्श्वभूमी (नूस्कायबीजीडी) वापरा.

ए आणि बी पेट्यांचे वर्णपट एकत्र करू नका. दोन्ही एकाच वेळी जुळवा, मधे एक मोकळा गुणक ठेवा. तो ५ टक्क्यांपेक्षा जास्त भरकटला, तर भटका उजेड किंवा चुकीचं वर्तुळ शोधा. उपग्रह पृथ्वीजवळच फिरतो, बहुतेक लक्ष्यं प्रत्येक फेरीत पृथ्वीआड जातात. म्हणून १०० किलोसेकंद उद्भासन म्हणजे घड्याळात दोन दिवसांहून जास्त.

आता मूळ फायदा. तारानिर्मितीच्या दीर्घिकांतले जोडतारे आणि अतितेजस्वी स्रोत ६ ते १० केईव्हीच्या पुढे झपाट्यानं मावळतात. एनजीसी २५३ आणि एम८३ मध्ये नूस्टारनं हे स्पष्ट दाखवलं. झाकोळलेलं एजीएन नेमकं उलटं, १० च्या पुढे चढतं आणि २० ते ३० दरम्यान परावर्तनाचा उंचवटा येतो. म्हणून ३-८ आणि ८-२४ ची तुलना २-१० मधल्या तेजस्वितेपेक्षा कितीतरी बोलकी आहे.


नवखी_निरीक्षक

म्हणजे १० च्या वर दिसलं की एजीएन पक्कं?


कठोर_किरण

नाही. एम८२ आठवा. त्यातला एक्स-२ हा स्रोत सगळे कृष्णविवर समजत होते. २०१४ मध्ये नूस्टारला त्यात १.३७ सेकंदांची स्पंदनं सापडली, म्हणजे तो न्यूट्रॉन तारा निघाला. नूस्टारचा ठसा १८ सेकंदांचा, त्यात एक्स-१ आणि एक्स-२ एकच दिसतात. सर्सिनस दीर्घिकेतही केंद्राच्या जवळ अतितेजस्वी स्रोत आणि अतिनवताऱ्याचा अवशेष आहे, त्यांची भेसळ आधी चंद्रानं मोजून वजा करावी लागली. नियम सोपा आहे. नूस्टारच्या वर्तुळात जे जे चंद्राला दिसतं, त्या प्रत्येकाला प्रतिमानात स्वतंत्र जागा द्या.


झेड_बरोबर_दोन

थोडा विरोध. 'नूस्टार हवंच' म्हटलं की हजारातल्या नऊशे दीर्घिका बाद झाल्या. तेवढ्या खोलीचा नूस्टार डेटा नाहीच. चंद्राच्या दक्षिण खोल क्षेत्रात ७० लाख सेकंदांत १००८ स्रोत सापडले, त्यातल्या बहुतेकांचे नूस्टारमध्ये नामोनिशाण नाही. पण झेड = २ ला चंद्राचे ०.५ ते ७ म्हणजे दीर्घिकेच्या आपल्या चौकटीत १.५ ते २१ केईव्ही! ताम्रसृतीच नूस्टारचं काम करते.

फक्त एक सापळा. १०^२३ चा उंबरठा साडेतीन केईव्ही, तो झेड = २ ला १.२ वर सरकतो. त्यामुळे झाकोळलेला स्रोतही निरीक्षकाच्या पट्ट्यात मऊ वाटतो. कठोरता-गुणोत्तराला झेडशिवाय अर्थ नाही. आणि दहा-वीस फोटॉनांवर ते साध्या भागाकारानं काढू नका, पार्श्वभूमी वजा करून ऋण आकडे येतात. बीईएचआरसारखी बेझ पद्धत घ्या आणि पूर्ण अंतराल द्या.


अर्गमोजणी

मान्य, 'हवंच' हा शब्द जास्त झाला. जवळच्या दीर्घिकांत नूस्टार, लांबच्यांत चंद्रा.

प्रतिमान जुळवण्याकडे येऊ. पहिली खूण: एक शोषक आणि एक घातवक्र (ऊर्जेच्या ठरावीक घातानं घटणारा वर्णपट, तो घात म्हणजे उतार) घेऊन जुळवा. उतार ०.५ च्या आसपास आला, तर आनंद मानू नका. कोणतंच एजीएन मुळात इतकं सपाट नसतं, खरा उतार १.८-१.९ च्या आसपास. सपाट आकडा म्हणजे एकतर शोषण कमी धरलंय, नाहीतर तुम्ही फक्त परावर्तित प्रकाश बघताय. फोटॉन थोडे असतील तर उतार १.९ ला बांधून टाका आणि स्तंभघनता मोकळी सोडा. दोन्ही मोकळे सोडले तर एकमेकांना भरून काढत बसतात.

घटक: आपल्या आकाशगंगेचं शोषण (हायड्रोजन नकाशावरून, बांधलेलं), तप्त वायूचे एक किंवा दोन घटक, जोडताऱ्यांसाठी एक घातवक्र ज्याची उंची वरच्या सूत्रानं ठरवलेली (त्याला ठरावीक पट्ट्यातच हलू द्या), झाकोळलेला मुख्य घटक, आणि अंशभर ते काही टक्के विखुरलेला घटक. विखुरलेला अंश १० टक्क्यांवर गेला, की ओळखायचं, तारे त्यात घुसलेत.


मायटोरसग्रस्त

झाकोळलेल्या घटकासाठी पेक्सरॅव्ह हे प्रतिमान अजून सर्रास वापरतात. तो अनंत सपाट पत्र्यावरचं परावर्तन आहे, लोहाची रेष वेगळी जोडावी लागते, आणि स्तंभघनता व परावर्तन यांचा परस्परसंबंध राहत नाही. भौतिक सारण्या वापरा, पण त्यांची पथ्यं पाळा:

मायटोरस: त्यातली 'स्तंभघनता' कृष्णविवराभोवतीच्या वायूच्या कड्याच्या विषुववृत्ताची आहे, दृष्टिरेषेची नव्हे. ६० अंशांच्या खाली बघत असाल तर कडं मधे येतच नाही. कोन ६० च्या अगदी कडेला जाऊन अडकला, तर निकाल टाकून द्या, तो गणिताचा खेळ असतो. घातवक्राला वरून घातांकी कपात लावू नका, सारणी ठरावीक अंतिम ऊर्जांनाच बनवलेली आहे. ०.५ केईव्हीच्या खाली सारणीच नाही.

बोरस०२: यात फक्त परतून आलेला प्रकाश आहे. थेट पार होणारा तुम्हालाच लिहायचा, झेडफॅब्स (शोषण) गुणिले कॅब्स (विखुरणं) गुणिले घातवक्र. कॅब्स विसरलं की कॉम्प्टन विखुरणं गायब, आणि ३ × १०^२४ ला मूळ तेजस्विता कित्येक पट चुकते. दुसरं, बोरसला स्तंभघनतेचा लॉग लागतो, झेडफॅब्सला १०^२२ च्या एककात आकडा. जोडणी १०^(लॉग − २२) अशी लिहा. थेट बरोबरीची खूण टाकली तर एक्सस्पेक (वर्णपट जुळवायची आज्ञावली) तक्रार करत नाही, मुकाट २४ × १०^२२ धरतं. आणि २.४ × १०^२३ हा आकडा इतका सभ्य दिसतो, की परीक्षकाच्याही लक्षात येत नाही.


धूळभेट

हे शेवटचं सोन्यानं मढवून ठेवा.

सांख्यिकीबद्दल: प्रत्येक खान्यात निदान एक फोटॉन येईल असे खाने करून डब्ल्यू-स्टॅट (थोड्या फोटॉनांसाठीचं जुळणीचं माप). पार्श्वभूमीचे खाने रिकामे राहिले तर त्याच्यात पक्षपात येतो. वीस-वीस फोटॉनांचे गठ्ठे करून काय-वर्ग लावायचा हट्ट सोडा. लोहाची रेष त्याच गठ्ठ्यात पुसली जाते.

५० फोटॉनांवर जवळपास नेहमीच दोन खड्डे (म्हणजे सारख्याच चांगल्या दोन जुळण्या) सापडतात: एक ३ × १०^२३ ला, एक २ × १०^२४ च्या पलीकडे. पहिल्यात मूळ एजीएन दुबळं, दुसऱ्यात बलाढ्य. एका 'उत्तम जुळणी'वर थांबलात तर कोणत्या खड्ड्यात पडाल ते सुरुवातीच्या आकड्यावर अवलंबून. स्टेपपार (स्तंभघनता पायरीपायरीनं बदलून जुळणी बघणारी आज्ञा) चालवून दोन्ही बघा, किंवा बीएक्सए (बेझ पद्धतीची आज्ञावली) घेऊन पूर्ण वितरण काढा आणि दोन शिखरं असतील तर दोन्ही छापा.


पिक्सेल_पाव_सेकंद

लोहाच्या रेषेचं कुणीच नीट लिहिलं नाही. ६.४ केईव्हीची रेष, तुल्य रुंदी (भोवतालच्या सलग वर्णपटाच्या मानानं रेष किती ठळक त्याचं माप) १ केईव्हीच्या आसपास किंवा जास्त: कॉम्प्टन-जाड एजीएनची सगळ्यात भरवशाची खूण. नूस्टार नसतानाही.


कठोर_किरण

'तुल्य रुंदी' अधोरेखित करा, नुसती रेष नव्हे. ६.४ ची रेष थंड लोहावर कठोर किरण पडले की निघते. आपल्या आकाशगंगेच्या मध्याजवळच्या धनु बी२ मेघातूनही येते. ४९४५ मध्येच चंद्रानं ती केंद्राबाहेर गाठीगाठींत पसरलेली दाखवली.

आणि ६.७ ची शेजारीण. ती अतितप्त वायूतल्या, जवळपास सगळे इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची, म्हणजे अतिनवताऱ्यांनी तापवलेल्या वायूतूनही येऊ शकते. एआरपी २२० मध्ये ६.७ ची रेष ठळक आहे. सीसीडीचं पृथक्करण ६ केईव्हीला दीडशे इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, त्यामुळे कमी फोटॉनांत ६.४ आणि ६.७ मिळून एक रुंद टेकाड दिसतं. जुळवताना रेषेची ऊर्जा मोकळी सोडा. ती ६.५५ वर बसली, तर दोन रेषा आहेत. क्रिझम दुर्बिणीचं पृथक्करण ५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातलं, रेषा वेगळ्या होतात. पण त्याचा ठसा मिनिटाहून मोठा, दीर्घिकेचा अख्खा मध्यभाग एका घोटात.


नवखी_निरीक्षक

दोन केंद्रं असतील तर? एनजीसी ६२४० बद्दल वाचलंय.


पिक्सेल_पाव_सेकंद

दोन्ही केंद्रांतलं अंतर सुमारे दीड सेकंद, चंद्राला जेमतेम सुटं होतं. दोन्ही सक्रिय असल्याचं २००३ मध्ये चंद्रानंच दाखवलं. १० केईव्हीच्या वरचा थेट प्रकाश त्याआधी, १९९९ मध्ये बेप्पोसॅक्स उपग्रहाला दिसला होता, पण त्याला दोन केंद्रं वेगळी करणं शक्यच नव्हतं. नूस्टारलाही नाही. तिथे चंद्राच्या प्रतिमेतून ६ ते ७ केईव्हीत दोघांच्या प्रवाहाचं प्रमाण काढायचं आणि नूस्टारच्या प्रतिमानात दोन कडी घालून ते प्रमाण बांधायचं. दोन वेगळ्या वर्षांचा डेटा असेल तर हेही डळमळतं, कारण दक्षिण आणि उत्तर केंद्र आपापल्या मर्जीनं बदलतात.


रुमाल_टाकला

वाचलं. भारताचा अ‍ॅस्ट्रोसॅट यात कुठे बसतो? त्याचं लॅक्सपीसी उपकरण तर ८० केईव्हीपर्यंत जातं, आणि मोठं आहे.


धूळभेट

मोठं आहे, पण प्रतिमा काढत नाही. एक अंश बाय एक अंशातलं सगळं एकत्र मोजतं. तेजस्वी जोडताऱ्यांच्या जलद बदलांसाठी त्याला तोड नाही, क्षीण दीर्घिकेच्या केंद्रासाठी मात्र ते साधन नव्हे. अ‍ॅस्ट्रोसॅटच्याच एसएक्सटी दुर्बिणीचा ठसाही दोन मिनिटांच्या घरात आणि पट्टा ८ केईव्हीला संपतो. ४९४५ सारख्या मोजक्या तेजस्वी वस्तू सोडल्या, तर या कामाला त्याचा आग्रह धरू नये.

पण काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण आहे. अवरक्त आणि रेडिओ प्रवाहांचं गुणोत्तर (क्यू) तारानिर्मितीच्या दीर्घिकांत २.३४ च्या आसपास असतं. ते १.६४ च्या खाली गेलं, म्हणजे अपेक्षेच्या पाचपट रेडिओ आहे, तर आत एजीएन असण्याची शक्यता दाट. ही चाचणी झाकोळाला भीक घालत नाही. फक्त कमी वारंवारतेला दाट आयनित वायू रेडिओही गिळतो, म्हणून ४०० मेगाहर्ट्झच्या एकाच आकड्यावर क्यू काढू नका, १.४ गिगाहर्ट्झला निदान एक बिंदू घ्या. आणि बहुतेक झाकोळलेली केंद्रं रेडिओत शांतच असतात. क्यू साधा आला म्हणून केंद्र निष्क्रिय ठरत नाही.


झेड_बरोबर_दोन

शेवटी न सापडलेल्यांबद्दल. चंद्रात काही दिसलं नाही, तर वरची मर्यादा द्यायची, पण ती कोणत्या स्तंभघनतेला ते लिहून. मूळ १०^४३ चं एजीएन ३ × १०^२४ च्या मागे असेल, तर २-१० मध्ये परावर्तन आणि विखुरणं मिळून एक-दोन टक्केच बाहेर येतं. म्हणजे १०^४१, धाग्याच्या सुरुवातीच्या उदाहरणातल्या ताऱ्यांच्या विखुरणीच्या कडेला. 'मर्यादा १०^४१, म्हणून एजीएन नाही' हे वाक्य त्यामुळे चूक. 'झाकोळ १०^२३ पर्यंत असेल तर नाही' हे बरोबर.

अनेक न दिसलेल्यांची रास करून सरासरी काढता येते. त्यात दिसलेल्या स्रोतांच्या भोवतीचा भाग आधी झाका, सहा-सात मिनिटांपलीकडे अक्षाबाहेर पडलेल्या दीर्घिका वगळा, आणि सरासरीबरोबर बूटस्ट्रॅप (राशीतल्या दीर्घिका पुन्हापुन्हा यादृच्छिक निवडून सरासरी किती हलते ते बघणं) करा. एकच तेजस्वी दीर्घिका अख्खी रास उचलू शकते. वेब दुर्बिणीला सापडलेली रुंद रेषांची लहान केंद्रं या खोल क्षेत्रांतही क्ष-किरणांत बहुतेक दिसत नाहीत. ती झाकोळली आहेत की मुळातच क्ष-किरणांत दुबळी आहेत, यावर वाद चालू आहे, आणि नुसत्या राशीनं तो सुटणार नाही. कारण दोन्हींत फोटॉन शून्यच.


मायटोरसग्रस्त

मर्यादा काढताना प्रतिसाद-फाइल त्या जागेचीच घ्या, क्षेत्राच्या मध्याची नको. कडेला आरशाची क्षमता पडते आणि ठसा फुगतो, मध्याची घेतली तर मर्यादा खोटी खोल येते. चंद्राच्या सियाओ आज्ञावलीत एसआरसीफ्लक्स हे आपोआप करतं, फक्त प्रतिमानात उतार १.९ आणि स्तंभघनता हातानं भरा. काही न सांगितलं तर ते झाकोळाशिवायचं प्रतिमान धरतं.


अर्गमोजणी

मूळ धाग्यात दुरुस्ती: एक शोषक, एक घातवक्रवाली पहिली जुळवणी ३ केईव्हीच्या वरच करा, तप्त वायू आत येऊ देऊ नका. ०.५ पासून केली तर उतार १.९ च्या जवळ येतो आणि झाकोळ दिसतच नाही. ४९४५ वरच करून बघा, लगेच कळेल.